पावसाच्या पाण्याचं झाड

सुभद्राबाई आमच्याकडे खोली पाहायला आल्या, तेव्हा भाडं किती म्हणून त्यांनी विचारलंच नाही. आधी विचारलं, "खिडकी कोणीकडं हाय?"

"उत्तरेकडे," मी म्हटलं.

"दुपारचं ऊन येते?"

"नाही येत."

"मंग घेतली," असं म्हणून त्या वळल्या आणि सामान उतरवायला गेल्या. मी मागोमाग दारात आले. बाहेर आसेगावहून आलेली बैलांची दमणी उभी होती. दमणीत एक पेटी, एक वळकटी आणि घासलेटचा डबा. डब्यात दीडदोन हात उंचीचं, चकचकीत हिरव्या पानांचं एक रोप, आणि रोपावर काठीला बांधलेली काळी छत्री. दिवस जेठातले, आमच्या कारंजा गावात दगड तापून फुटतील असं ऊन. गाडीवान मला म्हणाला, "अख्ख्या वाटेनं छत्री त्या झाडाले, अन् बाईच्या डोक्यावर पदर. म्या म्हटलं बाई, झाडाले काय चक्कर येते? तं म्हणते, हाव, येते."

ते कॉफीचं झाड होतं. माझं वय तेव्हा एकवीस-बावीस. कॉफी ही पूड असते आणि ती डब्यातून येते, एवढंच मला ठाऊक. ती झाडाला लागते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही.

बाई आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या होत्या. उंच, हाडकुळ्या, चालताना पाठ अशी ताठ की मागून पाहणाऱ्याला वाटावं कुणाशी तरी भांडायला निघाल्या आहेत. कपाळावर कुंकू मात्र बंद्या रुपयाएवढं. त्यांची जीभ म्हणजे कारलं. शाळेत त्यांनी कुठल्या मुलीला छडी मारल्याचं कुणी ऐकलं नाही. पाढा चुकला की एवढंच म्हणायच्या, "बस खाली. तुले काहीच येत नाई, तुहं लगीन लवकर होईन." मुली रडायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाढा पाठ करून यायच्या.

त्यांचं स्वतःचं लगीन लवकरच झालं होतं. नवरा दूर म्हैसूरकडे एका कॉफीच्या मळ्यावर कारकून. बाई तिथे सहा वर्षं नांदल्या. मूल झालं नाही. सातव्या वर्षी त्यानं दुसरी केली आणि बाईंना आसेगावला भावाकडे आणून सोडलं. हे सगळं गावाला त्या यायच्या आधीच कळलेलं होतं. आल्यावर आठ दिवसांत कुणीतरी गळा काढून म्हणालीच, "काय व बाई, असा कसा तुमचा नवरा!" बाई म्हणाल्या, "जित्ता हाय. एवढीच माही तक्रार हाय."

ते बोलणं गावभर झालं. अशी बाई घरात ठेवली म्हणून माझ्या सासूबाईंना दोन-चार जणींनी टोचलंही. पण बाई कुणाच्या अध्यामध्यात नव्हत्या, आणि सासूबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी आपलं एक ठरवून टाकलं होतं. बाईंशी बोलायचं, ताक-भाजी द्यायची, पण कुंकवाच्या कामाला बोलवायचं नाही. "कुंकू लावते खरी," त्या म्हणायच्या, "पण कोणाच्या नावानं लावते, ते तिले तरी ठाऊक हाय काय?"

बाईंचा सगळा जीव त्या झाडात. आपल्या वऱ्हाडात माणसाला जगवायचं तर कठीण, तिथे थंड डोंगरातलं झाड खोलीत वाढवायचं म्हणजे काय असतं ते मी तीन वर्षं पाहिलं. आमची काळी माती त्यांनी चिमूटभरही वापरली नाही. "कपाशीले सोनं हाय, याले जहर," म्हणायच्या. आमराईतून कुजलेला पाला गोणीत भरून आणायच्या, त्यात जुनं शेणखत आणि थोडा मुरूम. विहिरीचं पाणी खारं, त्यानं पानं पिवळी पडतात. म्हणून पावसाळ्यात पन्हाळीखाली दोन रांजण लावून ठेवायच्या आणि ते पाणी वर्षभर लोटीलोटीनं पुरवायच्या. त्या रांजणांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. जेठात रांजण आटले की विहिरीचं पाणी उकळून, निववून, त्यात चार थेंब लिंबू पिळायच्या. झालं! "मास्तरीणबाई झाडाले सरबत पाजते," म्हणून गल्ली हसली. बाई म्हणाल्या, "ते तरी पेते. तुमाले देल्लं तं नावं ठेवसान."

उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा, तो दिवसातून चारदा भिजवायचा. रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं, वरून आणि खालून. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे किडे धरत, ते काडीनं काढून साबणाचं पाणी लावायचं. एकदा सासूबाईंनी मायेनं चुलीतली राख नेऊन दिली, आपल्याकडे झाडाला घालतात तशी. बाईंनी दोन्ही हात डब्यावर पसरले, मूल झाकावं तसे. "काकू, पाया पडते, राख नका टाकू. भावजयीनं टाकली व्हती. पाच रोपं व्हते, हे एक राह्यलं."

त्या झाडाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पुरणाची डाळ निवडत होते, त्या खांबाला टेकून बसल्या होत्या.

"मले आणून सोडाले निंघाले ना, त्या दिवशी सासू दारात उभी व्हती. म्हणे, हिच्या हातचं काही फळत नाई. अंगणात बिया वाळू घातल्या व्हत्या. म्या मूठभर उचलल्या, पदराच्या गाठीत बांधल्या. चोरीच म्हण. घरी येऊन लावल्या. दोन महिने काही नाई. मंग एक दिवस पाह्यते तं बी डोक्यावर घेऊन उभं! टोपीवाल्या शिपायासारखं." हे सांगताना त्या हसल्या. मी त्यांना नीट हसताना पाहिलं ते तेवढंच. मग म्हणाल्या, "याले फळ धरू दे. चार बिया पोस्टानं धाडीन त्याईले. कागदावर एकच लिहीन, हे माह्या हातचं. बाकी काही नाई पाह्यजे मले."

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून पुढचं सांगताना मला सबब नाही.

पहिल्या चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू झालं, तेव्हा बाईंना बोलावणं नव्हतं. बायका गेल्यावर मी वाटीभर आंब्याची डाळ पदराखाली झाकून मागच्या दारानं त्यांना नेऊन दिली. सकाळी वाटी घासूनपुसून परत आली. वाटीत साखर होती, कारण रिकामं भांडं कुणी परत करत नाही. "मीठ कमी व्हतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी माघात त्यांनी झाडाचं पाणी एकदम तोडलं. पानं मलूल झाली. मला बघवेना. "असंच लागते," त्या म्हणाल्या, "थोडं तरसवावं लागते, मंग येते." पानांच्या बगलेत हिरव्या कळ्यांचे घोस येऊन थांबलेले होते. चैत्र लागल्यावर एका सकाळी त्यांनी रांजणातलं पाणी भरपूर घातलं, आणि त्याच आठवड्यात त्यांना परीक्षेसाठी अकोल्याला जावं लागलं. चार दिवसांचं काम. किल्ली माझ्याकडे दिली. "सकाळी एक लोटी पाणी. पडदा भिजव. दुसरं काही करू नको."

तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं आणि वास आला. जाईचा नव्हे, मोगऱ्याचा नव्हे, पण त्यांच्याच कुळातला. सगळं झाड पांढरं झालं होतं. प्रत्येक बेचक्यात चांदण्यांसारखी फुलं, दाट, पान दिसू नये इतकी. आणि तो शुक्रवार होता. संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते. आपल्याकडे पांढरं, वासाचं फूल म्हणजे देवाचं. फळ धरतात ती फुलं निराळी, भोपळ्याची पिवळी, वांग्याची जांभळी, कपाशीची. मोगरा-जाईला कधी फळ आलेलं मी पाहिलं नव्हतं. उलट ती जितकी तोडावी तितकी येतात. बाईंच्या झाडाला फळ येईल ते फणसासारखं खोडाला कुठूनतरी फुटेल, असं माझ्या मनात असावं. शिवाय फूल झाडावर सुकू देणं म्हणजे पाप. बाई परवा येणार, तोवर ही माना टाकणार. मी परडी आणली आणि झाड खुडलं. हात पोचेल तिथपर्यंत सगळं.

गौर काय सजली होती! झोपाळ्याच्या दोऱ्यांना, कमानीला, पायाशी, सगळीकडे बाईंची फुलं. बायका विचारत होत्या, कुठली ही? मी मिरवत होते. आणि दारात बाई उभ्या राहिल्या. परीक्षा एक दिवस आधी आटपली होती. हातात बोचकं, पायांवर धूळ. किल्ली मागायला आल्या होत्या. पंधरा-वीस बायका गप्प झाल्या, कारण बोलावणं नसलेली बाई हळदीकुंकवाच्या दारात उभी होती. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. गौरीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"किल्ली दे," त्या म्हणाल्या.

सकाळी मी गेले तेव्हा त्या झाडाजवळ खाली बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता, वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "लिंबाचं फूल कोण्या रंगाचं असते व, कमल?"

मी उंबऱ्यावरच थांबले.

"सांग ना. तुह्या आंगनात हाय लिंबू. तू रोज पाहतं."

"पांढरं," मी म्हटलं आणि रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. समजूत काढली नाही की रागे भरल्या नाहीत. पान पुसायचं फडकं हातात होतं, त्यानं त्या आपल्या पानं पुसत राहिल्या. मग मी म्हटलं, "बाई, पुढच्या वर्षी पहिलं बोलावणं तुम्हाला. सासूबाई काही म्हणोत."

"कायले? फुलं पाह्यजे म्हणून?"

"नाही हो. शपथ."

फडकं पिळत त्या म्हणाल्या, "बोलावशीन तं येईन. पण मांगच्या दारानं नाई."

भिंतीकडच्या एका फांदीपर्यंत माझा हात पोचला नव्हता. तिथली पाच-सात फुलं वाचली. त्यातून चार फळं धरली. हिरवी, मग पिवळट, मग पूस महिन्यात लालबुंद, करवंदाहून थोडी मोठी. बाईंनी ती सोलली, बिया दोन दिवस पाण्यात ठेवल्या, धुतल्या, सावलीत वाळवल्या. आठ बिया. हिंगाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून त्यावर मांडल्या आणि कागदाची चिठ्ठी ठेवली. मला वाचायला दिली. एकच ओळ होती, ठरली होती तीच. ती डबी फडक्यात शिवून, लाख लावून त्यांनी रजिस्टर केली. त्या दिवशी शाळेतून येताना त्यांनी मुलींना बोरं वाटली असं मागाहून ऐकलं.

फाल्गुनात एका दुपारी पोस्टमन करीमभाई आले. बाई शाळेत होत्या. करीमभाईंच्या हातात तीच शिवलेली डबी होती.

"वापस आली, बाई."

"का? पत्ता चुकला?"

"पत्ता बराबर हाय." त्यांनी डबी उलटी करून वरचं इंग्रजी दाखवलं. "तिथल्या पोस्टवाल्यानं लिवलं. या नावाचा मानूस गुजरला. दोन साल झाले. घरच्याईनं घेतलं नाई." मग टोपी सारखी करत म्हणाले, "मले हे बाईच्या हातात द्यायची हिंमत नाई व्हत. तुमी द्या."

मी दिली. काय लिहिलंय तेही सांगितलं. बाईंनी डबी उघडली नाही. कोनाड्यात ठेवली. मग जे बोलल्या ते माझ्याशी होतं की नाही कोण जाणे. "दोन साल. मले सुतकबी देल्लं नाई."

मी त्यांच्या कपाळाकडे पाहत होते. ते त्यांना दिसलं.

"पाहून काय राह्यली? त्यानं लावलेलं कुंकू त्यानं सोडलं तवाच गेलं. हे माहं हाय. मीच लावते." मग आवाज उतरला. "तुले ठाऊक, मले ठाऊक. करीमभाई बोलाचा नाई. चैत्रात बोलावशीन ना?"

"हो," मी म्हटलं. लगेच म्हटलं. त्या वेळी ते खरंही होतं.

चैत्र आला. सासूबाईंशी मी भांडले. माझ्या उभ्या संसारात पहिल्यांदा. मामंजी मध्ये पडले, "बोलाव म्हणते तं बोलावू दे," आणि सासूबाई नमल्या. मी पुढच्या दारानं जाऊन, बाईंना रीतीप्रमाणे कुंकवाचं बोट लावून नव्हे पण तोंडभरून आमंत्रण देऊन आले. इथेच मला माझं मन कळायला हवं होतं. गेल्या महिन्यात आमच्या यांना विषमज्वर होऊन गेला होता, एकवीस दिवस. अजून काठी धरून चालत होते.

शुक्रवारी संध्याकाळी बाई आल्या. धुवट हिरवं लुगडं, रुपयाएवढं कुंकू, आणि हातात पळसाच्या पानांनी झाकलेली टोपली. टोपली त्यांनी सासूबाईंपुढे ठेवली. पानं बाजूला केली तर वास सगळ्या घरभर गेला. कॉफीची फुलं. त्या वर्षीचा सगळा बहर, भिंतीकडच्या फांदीसकट.

"बाई," मी हळूच म्हटलं, "फळ?"

"आता कोणाले धाडाचं हाय?"

सासूबाई हरखल्या. त्यांनी स्वतः बाईंना पाट दिला, आपल्या शेजारी. मी करंडा घेऊन हळदकुंकू लावत निघाले. एकेक कपाळ. बाईंच्या समोर आले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि डोळे मिटले नाहीत. माझ्या बोटावर कुंकू होतं. मला यांची काठी आठवली. खोटं कशाला बोलू, मी भ्याले. बाईंच्या कपाळाचं माझ्या कपाळाला लागेल म्हणून भ्याले. मी खाली वाकले, त्यांच्या ओटीत हरभरे घातले, डाळीची वाटी हातात दिली आणि पुढच्या बाईकडे सरकले.

बाईंनी डाळ खाल्ली. पूर्ण खाल्ली. "मीठ बराबर हाय," म्हणाल्या.

आणि सासूबाईंच्या लक्षात आलं. "अव सूनबाई, बाईले कुंकू राह्यलं ना! अशी कशी तू!" म्हणत त्यांनी माझ्या हातातला करंडा घेतला, बोट बुडवलं, आणि दोन वर्षं ज्या बाईला दाराबाहेर ठेवलं तिच्याकडे त्या मायेनं वळल्या. मी जागची हलले नाही. बाईंनी त्यांचा हात वरच्यावर धरला.

"राहू द्या, काकू," त्या म्हणाल्या. "सून तुमची शहानी हाय. तिले समजते."

सासूबाईंना वाटलं, आमचं काहीतरी भांडण झालं आहे. त्यांना खरं काय ते कधीच कळलं नाही. वैशाखात शाळा सुटली आणि बाई खोली सोडून गेल्या. मी तेव्हा माहेरी होते. मुद्दामच गेले होते. झाड नेलं, रांजण तेवढे राहिले. पुढे त्यांचं काय झालं, झाड जगलं का, मी कुणाला विचारलं नाही. यांनी मात्र पुढे चाळीस वर्षं संसार केला.

म्हणून माझ्यापुरत्या बाई त्या शुक्रवारच्याच. त्या उठल्या, गौरीला नमस्कार केला आणि पुढच्या दारानं बाहेर पडल्या. मी खिडकीशी गेले. अंगणाला वळसा घालून त्या रांजणांपाशी थांबल्या. चैत्रात पाणी तळाला गेलेलं असतं; त्यांना पार खांद्यापर्यंत हात घालावा लागला. लोटी भरली. पाणी ओंजळीत घेतलं आणि कपाळ धुतलं, एकदा, दोनदा, शांतपणे, पान पुसावं तसं. लाल ओघळ नाकावरून हनुवटीवर आला, तो त्यांनी पदरानं टिपला. लोटीत अर्धं पाणी उरलं होतं. ते सांडू नये म्हणून वर हात धरून त्या खोलीत गेल्या, आणि उघड्या दारातून मला दिसलं, त्यांनी ते झाडाला घातलं.